अपोलोसमोर बाबा

आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे बॉबलिंगेनला आले. व्हिजिटर व्हिसावर, एक मोठी बॅग, एक पिशवीभर वांगी मसाला आणि गळ्यात मफलर घेऊन. जूनमध्ये मफलर कशाला, असं मी विमानतळावरच विचारलं, तर म्हणाले, "जर्मनी आहे ना."

नागपूरच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला होता. आमच्या घरात देव नव्हते. आजोबांनी दीक्षा घेतली त्या आठवड्यातच घरातले सगळे टाक आणि मूर्ती नदीत सोडल्या होत्या, आणि बाबांनी तो रिकामा कोनाडा अभिमानाने जपला होता. भिंतीवर बुद्धाचा एक फोटो होता, पण तोही "मार्गदर्शक म्हणून, देव म्हणून नाही," हे आम्हा भावंडांना पाठ होतं.

माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. बाबांना जर्मनचा गंध नाही. नातीशी बोलायला ते एवढ्या लांबून आले होते आणि पहिले काही दिवस मी ऑफिसातून यायची वाट बघत दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसून असायची. मी आले की दोघांची दुभाषी व्हायचे, मग स्वयंपाकाला लागायचे.

त्यांना जोडलं ते ग्रीक देवांनी. मुलीच्या शाळेत त्या वर्षी ग्रीक पुराणकथा चालू होत्या आणि तिला त्यांचं वेड लागलं होतं. तिने खोलीच्या दारावर झ्यूसचा भलामोठा वंशवृक्ष चिकटवला होता. बाबा एकदा त्याच्यापुढे चष्मा लावून उभे राहिले आणि एकेक नाव वाचायला लागले, झ्यूस, हेरा, अथेना, अपोलो. नावं दोघांच्या भाषेत एकच होती. मुलगी धावत आली. त्या दिवसापासून त्यांचं काय आणि कसं बोलणं व्हायचं कोण जाणे, थोडं इंग्रजी, थोडे हातवारे, पण व्हायचं. आपले गुरुवार-शुक्रवार जसे ग्रहांचे, तशी युरोपात ग्रहांना आणि महिन्यांना कुठल्या देवांची नावं आहेत हे ती सांगायची. आणि बाबांनी तिला गांधार शिकवलं. अलेक्झांडरनंतर ग्रीक लोक आपल्याकडच्या वायव्य सरहद्दीवर राहिले, त्यांच्या शिल्पकलेतून बुद्धाला माणसाचा चेहरा मिळाला, केसांच्या बटा मिळाल्या, अंगावर घड्या घड्यांचं वस्त्र मिळालं.

"बुद्धाचं तोंड पाहिलं ना, ते अपोलोचं आहे," ते म्हणाले. "आणि तुमचा तो हेराक्लिस, गदावाला, सिंहाचं कातडं पांघरलेला, तो तिकडं बुद्धाचा अंगरक्षक म्हणून उभा आहे."

"एष्ट?" मुलगी ओरडली. खरंच?

"मग! माणसंच देव बनवतात, बाळ. एका गावचे देव दुसऱ्या गावात नोकरीला लागतात."

मी भांडी घासता घासता हसले. त्या उन्हाळ्यातलं माझं शेवटचं मोकळं हसणं ते असावं.

कारण त्याच आठवड्यात बाबा कोपऱ्यावरच्या बेकरीत ब्रेड आणायला गेले आणि परत आले नाहीत. एका बाईंनी त्यांना स्टेशनजवळच्या बाकावर पाहिलं आणि त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवरच्या माझ्या नंबरला फोन केला. मी पोचले तेव्हा ब्रेडची पिशवी मांडीवर धरून ते शांत बसले होते. "तुझी आई आत तिकीट काढून राहिली," ते मला म्हणाले.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी बाबांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं, साधे प्रश्न विचारले, मी भाषांतर करत होते. काही उत्तरं मी भाषांतर करताना जरा सुधारावीत असं मला वाटत होतं. आजार सुरू झालाय आणि तो थांबणार नाही, असं त्या म्हणाल्या. प्रवासाच्या विम्यात तो बसत नव्हता. आऊसलेंडरबेहोर्डमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या त्या कचेरीत, मी विचारायला गेले की त्यांना इथेच ठेवता येईल का. काउंटरवरच्या बाईंनी नियम तिसऱ्यांदा समजावून सांगितला आणि शेवटी फक्त म्हणाल्या, "एस टूट मिअर लाइट." वाईट वाटतं मला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्याचाच मला जास्त त्रास झाला. भांडायला समोर कोणी हवं होतं.

नवरा म्हणाला, "आल्झो, मग तू नोकरी सोडून नागपूरला जाणार आहेस का?" तो टोमणा नव्हता, त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी नागपूरला भावाला फोन लावला.

परत पाठवायच्या आधी मुलीला आजोबांना एक गोष्ट दाखवायचीच होती. ट्रेनने तासाभरावर एक विद्यापीठाचं गाव आहे, तिथे ग्रीक मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींचं दालन आहे. शाळेची सहल तिथे जाऊन आली होती. ती आदल्या दिवसापासून नाचत होती.

आत शिरल्यावर सगळीकडे पांढरी शरीरं. हात नसलेली, डोकी नसलेली, उंच खिडक्यांमधून ऊन पडलेली. मुलगी बाबांचा हात धरून त्यांना थेट एका मूर्तीपाशी घेऊन गेली. तरुण चेहरा, केसांच्या बटा वर बांधलेल्या, पापण्या खाली झुकलेल्या, ओठांवर हसू आहे की नाही ते कळू नये असं. तिने मोठ्या ऐटीत हात पुढे केला, जणू ओळख करून देतेय.

बाबांनी बूट काढले.

मला वाटलं पाय दुखले असतील. पण त्यांनी बूट नीट शेजारी ठेवले, गुडघे टेकले, हात जोडले आणि कपाळ फरशीला लावलं. मग मान वर करून ते त्रिशरण म्हणू लागले. आवाज शाळेतला होता, खणखणीत. दालनातली दोन-तीन माणसं वळून बघायला लागली.

"ओपा, दास इस्ट डोख अपोलोन!" मुलगी म्हणाली. "ममा, त्यांना सांग ना, हा अपोलो आहे!"

मी काय सांगणार होते? ज्या माणसाने मला कोणापुढेही डोकं न टेकवायला शिकवलं, तो एका ग्रीक देवाच्या प्लास्टरपुढे बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर आई गेल्यापासून मी पाहिली नव्हती एवढी शांती होती.

पंचशीलातलं पहिलं शील त्यांनी म्हटलं, दुसरं म्हटलं आणि तिसऱ्यापाशी अडकले. परत पहिल्यापासून सुरू केलं. परत तिथेच अडकले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वर्गात धडा विसरलेल्या पोराने पाहावं तसं. मी लहानपणी रोज म्हणायचे ते. तोंड उघडलं आणि पुढचे शब्द मलाही येईनात. इतकी वर्षं मी ते म्हटलेलंच नव्हतं.

तिथला राखणदार जवळ आला. बाबांना काही होतंय का, एवढंच त्याने हळू आवाजात विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. तो थोडा मागे सरून हात पाठीशी बांधून उभा राहिला आणि त्याने कोणाला जवळ येऊ दिलं नाही. बाबांनी आणखी एकदा प्रयत्न केला, मग आपोआप थांबले. उठताना त्यांना माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

परतीच्या ट्रेनमध्ये मुलगी खिडकीकडे तोंड करून रडत होती. "त्यांनीच मला सांगितलं होतं," ती जर्मनमध्ये म्हणाली. "अपोलोवरून बुद्धाचा चेहरा आला, हे त्यांनीच सांगितलं होतं! मग ते विसरतील कसे?"

"काय म्हणून राहिली ती?" बाबांनी विचारलं.

"दमलीये," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

ऑगस्टमध्ये भाऊ येऊन त्यांना घेऊन गेला. मी रजा मिळेल तेव्हा नागपूरला जायचे, एरवी रविवारी व्हिडिओ कॉल. वहिनी फोन त्यांच्यासमोर धरायची. मुलगी सुरुवातीला पुस्तकातली चित्रं दाखवायची, ते बघायचे, "छान, छान" म्हणायचे. हळूहळू ती कॉलच्या वेळी मैत्रिणीकडे जाऊ लागली. मी तिला अडवलं नाही.

एका रविवारी त्यांनी बराच वेळ माझ्याकडे निरखून पाहिलं. मग अगदी अदबीने, शाळेत आलेल्या पालकांशी बोलावं तसं, विचारलं, "तुम्ही कुठून बोलून राहिल्या?"

"जर्मनीहून, बाबा."

"अरे वा. माझी मुलगी तिकडंच असते. फार कामात असते ती." ते थोडे पुढे वाकले. "भेटली तर सांगाल का तिला, मी बरा आहे म्हणून?"

"सांगते," मी म्हटलं.