वच्छलाबाई सिस्टर आणि माझा निनावी अर्ज

वच्छलाबाई सिस्टरच्या विरोधातला निनावी अर्ज मी लिहिला होता. आधीच सांगून टाकतो, कारण हे मागे ठेवून त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहिणं मला आता जमायचं नाही. अर्ज सत्तावीस ओळींचा होता. खाली 'समस्त त्रस्त गावकरी' असं होतं, आणि त्या समस्तांमध्ये मी एकटाच होतो.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, वडवणी रस्त्यावर. स्टँडसमोर माझं औषधांचं दुकान, त्याला सगळे मेडिकल म्हणतात. आम्ही लिंगायत. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला विभूती आणि, माझी बायको नीलम्मा म्हणते तसं, तोंडात दिवसभर वाद. वच्छलाबाई गावच्या उपकेंद्रात नर्स होत्या. आजोबांपासूनच्या ख्रिस्ती. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन जालन्याला, आणि ही बाई सरपंच सुंदररावांच्या एका खोलीत एकटी राहायची.

बाई अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी त्या ट्रॅक्टरपाशी जाऊन उभ्या राहत. कोण गरोदर, कितवा महिना, सगळं तोंडपाठ. बायांच्या हातात गोळ्यांची पाकिटं द्यायची आणि मुकादमाला दम द्यायचा, "हिला मोळी उचलायला लावशील तर मी तिथवर येईन." मुकादम हसायचा, पण मान डोलवायचा. सुनेला उपाशी ठेवणाऱ्या सासवा त्यांना पाहून दाराआड सरकत.

दुपारी चारला त्या दुकानात चहाला येत. नीलम्मा आतून चहा पाठवी आणि मी प्रश्न काढी. त्यांच्या धर्मावरचे आक्षेप मी जमवत असे, मोबाइलवरून, वर्तमानपत्रातून, बसमधल्या गप्पांतून. मला त्यात काही कळत होतं असं नाही. मला फक्त जिंकायचं होतं.

"तुमचा देव परदेशी," मी म्हणायचो. त्या म्हणायच्या, "येशू बीडचा न्हाई तसा इंग्लंडचा बी न्हाई. आन अप्पा, ताप आल्यावर गोळी कोणत्या देशाची हाय हे तुमी गिऱ्हाइकाला सांगता का?"

एकदा म्हणालो, "तुमच्या लोकांना गहू देऊन बाटवलं." मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी सरळ कबूल केलं. "मिळाला की गहू. दुष्काळात माझ्या आजोबाला पोतंभर मिळाला. त्याच्याआधी गावानं त्याला हिरीवर पाणी भरू दिलं न्हाई, ते बी खरं हाय. गहू महिन्यात संपला. आजोबा त्याच्यामागं चाळीस वर्षं प्रार्थनेला गेला. ते कशापायी, ते तुमी सांगा."

मग मी मोठा प्रश्न काढला. देव इतका दयाळू, तर लेकरं का मरतात? त्या म्हणाल्या, "मला ठाऊक न्हाई." धर्माचा माणूस 'ठाऊक नाही' म्हणतो हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. "बारा वेळा मेलेलं लेकरू ह्या हातात घेतलंय," त्या म्हणाल्या. "उत्तर आसतं तर पहिल्याच आईला सांगितलं आसतं. आमच्या शास्त्रात येवढंच हाय, की दोस्ताच्या कबरीपाशी येशू बी रडला. मी त्या बायांपाशी बसून रडले. त्याच्यापुढं मला येत न्हाई."

माझा हुकमी प्रश्न मात्र माफीचा होता. "आयुष्यभर पाप करायचं, शेवटच्या घटकेला माफी मागायची आन सुटायचं. इतकी स्वस्त माफी? हा न्याय झाला का?" त्या दर वेळी एकच सांगत, "मागणाऱ्याला फुकट पडते, अप्पा. देणाऱ्याला इचारा." मला ते उडवाउडवीचं उत्तर वाटायचं.

अकरा वर्षांपूर्वी एका बाजाराच्या दिवशी दुकानात दहा-बारा माणसं होती. मला चेव चढला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुमच्या देवाला सोताचा पोरगा वाचवता आला न्हाई, तो आमाला काय वाचवणार? आन पोराला मरायला धाडतो तो बाप कसला?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तुमच्या पोरीला, रुद्राणीला मेंदूज्वर झालता तवा बीडच्या दवाखान्यात तिच्या उशाशी भिंतीला डोकं लावून तुमी काय म्हणत होता? मी होते तिथं. 'हिचं मला होऊ दे, हिला सोड,' आसंच ना? आमी म्हणतो, देव बी तेच म्हणला. त्यानं दुसऱ्या कुणाला धाडलं न्हाई. बाप आन लेक आमच्यात येकच, तो सोताच आला. मेडिकलवाल्या बापाला जे सुचतं ते देवाला सुचू ने, आसा तुमचा हट्ट कावून?"

दुकान हसलं. "आज अप्पा चीतपट," कुणीतरी म्हणालं. हसण्याचं मला एवढं नव्हतं. पण पोरीच्या उशाशी मी एकटाच आहे असं समजून जे बोललो होतो, ते या बाईनं भर बाजारात काढलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी शटर अर्धं ओढून मी अर्ज लिहिला. गोळी देताना येशूचं नाव घ्यायला लावतात, बाळंतिणीवर पाणी शिंपडतात, बाहेरून पैसा येतो. सगळं खोटं. खरं इतकंच होतं, की कुणी म्हटलं तर त्या मिनिटभर डोळे मिटून प्रार्थना करत. गावच्या पोस्टाचा शिक्का पाकिटावर नको म्हणून मी माजलगावला जाऊन ते पेटीत टाकून आलो.

मला वाटलं होतं, नोटीस येईल, फार तर बदली. तीन आठवड्यांनी बाईंना निलंबित केलं. आणि दुसऱ्या दिवशी चारला त्या दुकानात आल्या. "चहा हाय का?" म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

चौकशी चौदा महिने चालली. ज्या बायांनी त्यांच्यासाठी साक्ष दिली असती त्या ऊसतोडीला गेलेल्या. 'प्रतिष्ठित गावकरी' म्हणून मलाच बोलावलं. मी म्हणालो, मला काही माहीत नाही. पुराव्याअभावी त्यांना परत घेतलं, वर्षभरात त्या निवृत्त झाल्या, पण नाव गेलं ते गेलंच. ज्या घरांत त्यांनी नाळ कापली त्या घरांची दारं त्यांना पाहून लागायची. मुलगी जालन्याला बोलावत राहिली. त्या गेल्या नाहीत. बायका गुपचूप त्यांच्या खोलीवर जात, रविवारी चारजणी प्रार्थनेला बसत. आणि चारला त्या माझ्याकडे चहाला येत राहिल्या, अकरा वर्षं. मी प्रश्न विचारणं सोडून दिलं होतं.

दोन आठवड्यांपूर्वी अंगद दुकानात आला. अंगद म्हणजे सुंदररावांचा पुतण्या, पुढारी व्हायची घाई झालेला. त्यानं माझ्यापुढे झेरॉक्स टाकली. "अप्पा, हे बघा. माहितीच्या अधिकारात काढलंय. गावानं तवाच तक्रार केलती. उद्या ग्रामसभेत वाचतो आन काकाला खोली खाली करून घ्यायला लावतो. तुमी आनुमोदन द्या."

माझ्या सत्तावीस ओळी माझ्याकडे बघत होत्या. अडुसष्ट वर्षांची ती बाई माझ्या खोट्यापायी उद्या रस्त्यावर येणार होती. कधी नव्हे ते त्या दिवशी मी भर दुपारी शटर ओढलं आणि त्यांच्या खोलीवर गेलो.

त्या दारात शेंगा निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "सिस्टर, तो अर्ज मी लिहिलता."

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "बसा."

मला बसवेना. कधीपासून, एवढंच विचारता आलं.

"आरोपपत्रासंगं नक्कल मिळालती. दहा वर्षं तुमच्या हातची बिलं वाचलेली, अप्पा. अक्षर कळणार न्हाई का?"

मी डॉक्टरांची गिचमीड वाचून पोट भरणारा माणूस. माझं अक्षर कुणी वाचेल हे मला सुचलंच नव्हतं. पण मी हादरलो तो दुसऱ्याच गोष्टीनं. म्हणजे चौकशीच्या चौदा महिन्यांत, आणि नंतर रोज, ही बाई सगळं माहीत असून माझ्यासमोर चहा पीत होती.

"मग माफ केलंत मला?"

"केलं. येका दिवसात न्हाई झालं. रोज सकाळी नव्यानं करावं लागायचं, आन दुपारपस्तोर ते उतरायचं. म्हणून चारला येत होते. तुमचं तोंड बघून चहा घशाखाली गेला, की समजायचं, आजचा दिवस झाला. लई जड गेलं, अप्पा. तुमी इचारत होता ना, स्वस्त का म्हणून." मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "आन माझं बी येक राहिलंय. रुद्राणीच्या उशाशी तुमी बोललात ते बाजारात बोलायला नको होतं मी. ती माझी चूक. मला माफ करा."

एवढीशी गोष्ट. माझ्या गुन्ह्यापुढे काहीच नाही. तरी 'केलं माफ' हे दोन शब्द माझ्या तोंडातून निघेनात. अकरा वर्षांनीही तो हशा कुठेतरी आत चिकटून होता. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. शेवटी मान हलवली, आणि सुटका झाल्यासारखं वाटून जायला वळलो.

"कुटं निघालात?" त्या म्हणाल्या. "माफी झाली. अर्ज आजून तसाच हाय. उद्या सभेत उभं राहून सांगा, कुणी लिहिला ते."

"म्हणजे तुमी माफ न्हाई केलं."

"केलं म्हणून तर सांगतेय. नसतं केलं तर चौकशीतच नाव सांगितलं आसतं. मी तुमचं नाव अकरा वर्षं झाकलं. आता माझं तुमी साफ करा."

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर सतरंजीवर गाव बसलं. अंगदनं अर्ज वाचायला घेतला. माझेच शब्द होते, पण आता त्याच्या तोंडी होते. बाराव्या-तेराव्या ओळीला मी उभा राहिलो. "थांब अंगद. हे मी लिहिलंय. सगळं खोटं हाय."

मग मागून आवाज आला, "बाईनं अप्पाला बी बाटवलं." काहीजण हसले, काहीजणांना ते पटलंही. मी गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याबाहेर काढून दाखवलं, तरी ते एकमेकांकडे बघत राहिले. खोटं लिहिलं तेव्हा कुणी पुरावा मागितला नव्हता. खरं सांगायला उभा राहिलो तर धर्म बदलल्याचा संशय. सुंदरराव म्हणाले, "अप्पा, लेखी द्या." मी तिथेच लिहून दिलं, पूर्ण नावानिशी सही केली. सुंदररावांनी कागद घडी करून खिशात घातला आणि पुतण्याला म्हणाले, "खोली माझी हाय. बाई तिथंच राहतील. पुढचा इषय घ्या."

वच्छलाबाई बायकांमध्ये बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावलेला मी पाहिला. नीलम्माही तिथंच होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

घरी आल्यावर तिनं एकच विचारलं, "तुमी चौकशीत गेलता तवा मी इचारलं होतं, काय झालं. तुमी म्हणालात, मी बाईंची बाजू घेतली. म्हणालात ना?"

मी म्हणालो, "हो."

ती आत गेली. त्याला आज तेरा दिवस झाले. स्वयंपाक करते, ताट वाढते, बोलत नाही. दुकानात चहा पाठवत नाही. चारला स्वतःच दोन कप घेऊन वच्छलाबाईंच्या खोलीवर जाते. परवा मी तिला हात जोडून म्हणालो, ज्यांचं वाटोळं केलं त्यांनी माफ केलं, तुझं तर मी काही केलं नाही. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, "अकरा वर्षं मी त्या बाईला सांगत आले, की माझ्या मालकानं तुमच्यासाठी साक्ष दिली. ती ऐकून घेत होती. मला खोटं पाडलं न्हाई तिनं. तिनं केलं आसल माफ. मला न्हाई जमत."

न राहवून मी काल वच्छलाबाईंकडे गेलो. म्हणालो, तुमचं ऐकेल ती, जरा सांगा तिला.

त्यांनी मला समोर बसवलं. मग म्हणाल्या, "ते मला देता येत न्हाई, अप्पा. माझं होतं ते मी दिलं. तिचं तिच्यापाशी हाय. रोज जाऊन मागा. दील तवा दील."

मी घरी आलो. नीलम्मा ज्वारी निवडत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि म्हणालो, "साक्षीचं मी तुला खोटं सांगितलं."