तीन पायांचा टीपॉय

आमच्या बडनेऱ्याकडच्या गावात चार घरं सोडली तर प्रत्येक घरात अब्दुल रहीम मिस्त्रीच्या हातचा दिवाण नाहीतर दार आहेच. चाळीस वर्षं झाली, रंधा मारतो. माणूस हेकट. तुम्ही माप सांगा, तो मान हलवेल अन् करेल स्वतःच्या मनाचं.

वच्छलाबाईनं त्याला टीपॉय सांगितला. तिच्या सीमाला पाहायला रविवारी धामणगावचे पाहुणे येणार होते. शुक्रवारी मिस्त्रीनं सागवानी टीपॉय आणून ठेवला. बाईनं भोवती फिरून पाय मोजले.

“मिस्त्री, एक पाय कुठी ठेवून आले?”

“टीपॉयले तीनच राह्यते, भाभी.”

“कोनं सांगतलं?”

सांगितलं होतं त्याच्या नातीनं. अरीबा अमरावतीला इंग्रजीत एमए करते. तिनं जाड्या डिक्शनरीत काढून दाखवलं, की टीपॉयचा मुळात चहाशी संबंधच नाही. आपली तिपाई, म्हणजे तीन पायांची. साहेब लोकांनी ती उचलली, तिच्यावर चहा ठेवला, अन् चहाला टी म्हणतात म्हणून स्पेलिंगही तसंच करून टाकलं. आता तिकडे हा शब्द फारसा कोणी बोलत नाही. आपल्याकडे मात्र घरोघरी आहे, अन् चार पायांवर उभा आहे. ही शेवटची गोष्ट मिस्त्रीच्या डोक्यात गेली.

“डिक्शनरीले पाहुणे येऊन नाई राह्यले,” वच्छलाबाई म्हणाली. “लोक म्हनतीन लाकूड पुरलं नाई. घेऊन जा हे लंगडं.”

शनिवारी शोरूममधून काचेचा, चार पायांचा टीपॉय तिच्या दारात उतरला. मिस्त्री शेजारच्याच आपल्या अंगणातून पाहत होता.

“आज टीपॉय आया, कल दीवान आयेगा,” तो बायकोला म्हणाला. “फिर गाव में मेरा क्या काम, शहाजादी?”

“दूसरे की सुनने का काम. वो तुमने कभी किया नही.”

आमच्याकडची काळी माती घराखालीसुद्धा गप्प बसत नाही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, अन् वरच्या फरशा तिच्या तालावर नाचतात. रविवारी काचेवर सहा कप मांडले. मुलाचे मामा बुधाजी यांनी पोह्याची प्लेट घ्यायला नुसता हात टेकला, तसा टीपॉय झुकला अन् चहा मामांच्या मांडीवर. सीमानं एका पायाखाली पेपरची घडी सारली, तर दुसरा उचलला. घड्यांवर घड्या झाल्या. मुलगा, नितेश, हसला. सीमाही हसली. वच्छलाबाई नाही हसली. तिनं कुंपणावरून हाक मारली.

“मिस्त्री, आना थो तुमचा.”

मिस्त्रीनं खांद्यावर आणला, ठेवला. तीन पाय कशाही जमिनीवर टेकतातच. नव्यानं भरलेले सहा कप जागचे हलले नाहीत.

मामांनी वाकून पाहिलं. “याचा चौथा पाय कुठी हाय?”

मिस्त्रीनं तोंड उघडायच्या आत वच्छलाबाई म्हणाली, “टीपॉयले तीनच राह्यते. तुमच्या धामनगावात माईत नसन.”

निघताना मामांनी मिस्त्रीला बाजूला घेतलं.

“आमच्या घरीबी एक करून द्या, भाऊ. पन चार पायाचा. तीन पाय पाह्यले त आमची बायको मले घरात नाई घ्याची.”

मिस्त्रीनं दाढी खाजवली.

“देतो करून,” तो म्हणाला. “पन त्याले टीपॉय म्हनू नका.”