झूम करू नये

टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, काचेपासून वीतभर लांब, तो आपले दोन्ही तळहात हवेत उभे धरायचा आणि म्हणायचा, "एवढा कापलाय, साहेब. इकडून एवढा, तिकडून एवढा. उरलेला तुम्ही बघताय."

नव्वदच्या दशकात दुबईत, करामातल्या त्या व्हिडिओ लायब्ररीत तुम्ही कधी कॅसेट आणायला गेला असाल, तर हे हात तुम्हीही पाहिले असतील आणि आमच्यासारखेच गालात हसला असाल. शुक्रवारची सुट्टी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी आम्ही चार मराठी कुटुंबं तिथं जमायचो. काउंटरमागे हा. कोल्हापूरकडचा, अल क्वोजच्या कामगार वस्तीत एका खोलीत सहाजणांबरोबर राहणारा. गावी वीस वर्षं थिएटरात प्रोजेक्टर चालवून आलेला. 'हा', 'तो' म्हणतोय मी. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस. तोंडावर 'मामा' म्हणायचं आणि पाठ फिरली की 'तो', ही तेव्हाची सवय अजून गेली नाही.

रुंद पडद्याचा पिक्चर चौकोनी टीव्हीत बसवायचा म्हणून कॅसेटवाले दोन्ही कडा छाटतात, हे त्याचं दुखणं. "वहिनी, ही नका नेऊ. यात हिरॉइनची बहीण निम्मीच दिसते," तो माझ्या बायकोला सांगायचा. "निम्मी तर निम्मी," बायको म्हणायची, "मला ती तशीही आवडत नाही." त्यावर तो कॅसेट अशी आपटायचा की मागचं गिऱ्हाईक दचकायचं.

त्याचा खरा जीव एका जुन्या काउबॉय पिक्चरवर होता. इटलीच्या लोकांनी काढलेला. शेवटी दोन भाऊ समोरासमोर उभे राहतात, मधे कोरडी विहीर. कॅसेटमध्ये काय दिसायचं? डाव्या कडेला थोरल्याचा अर्धा चेहरा, मग विहीर, मग गोळीचा आवाज, की एकदम धाकटा वाळूत पडलेला. आम्ही म्हणायचो, बरं झालं, मेला एकदाचा लबाड.

"लबाड नाही हो," तो कळवळून सांगायचा. "धाकट्यानं पिस्तूल टाकलंय. हात मोकळे आहेत त्याचे. मी शंभरदा दाखवलाय तो पिक्चर, पडद्यावर. थोरला मोकळ्या हाताच्या माणसाला मारतो. यात तो कडेचा माणूसच दिसत नाही."

आमचा विश्वास बसला नाही. उलट चेष्टेला विषय मिळाला. "काय मामा, आज कुणी पिस्तूल टाकलं का?" हा आमचा गुरुवारचा नमस्कार-चमत्कार झाला. सगळ्यांत आधी मीच म्हणायचो.

मग डीव्हीड्या आल्या. एका सकाळी त्याचा ऑफिसात फोन. "साहेब, आज याच. आलाय तो. जुनी प्रिंट साफ करून, अख्ख्या रुंदीचा काढलाय." संध्याकाळी त्यानं ती डिस्क मला दोन्ही हातांनी दिली. खोक्यावर त्याच्या अक्षरातला स्टिकर होता: 'काळ्या पट्ट्या म्हणजे बिघाड नाही. चित्र पूर्ण आहे. झूम करू नये.'

शुक्रवारी जेवणं उरकून सगळे माझ्याकडे जमले. पिक्चर लागला तर वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी. "पपा, द पिक्चर इज कट," माझी मुलगी म्हणाली. एवढा मोठा टीव्ही घेतलेला, आणि त्यात ही चिंचोळी फट! मी रिमोट उचलला आणि झूम केलं. टीव्ही भरला, सगळे खूश. शेवटी पुन्हा अर्धा चेहरा, विहीर, गोळी. "मामाचं पिस्तूल काही आलं नाही," मित्र म्हणाला, आणि आम्ही पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोनवर हे ऐकवलं. तो पेटला. "झूम केलंत? वर लिहिलेलं वाचता येत नाही? तुम्हीच कडा कापल्यात की!" एक काउंटरवरचा माणूस मला वाचता येत नाही म्हणतो. मी ऑफिसात बसून चांगल्या इंग्रजीत तक्रार लिहिली, डिफेक्टिव्ह डिस्क, रूड स्टाफ, आणि कंपनीच्या लेटरहेडवर मालकाला फॅक्स केली. आपल्या लोकांना असल्या पत्रांचा फार अभिमान असतो. मला होता.

पुढच्या गुरुवारी मी दुकानात गेलो, तेव्हा मालक तोच कागद हातात घेऊन उभा होता. पट्ट्यांची तक्रार आणखीही लोकांनी केली होती, पण लेखी माझीच. "स्टिकर निकाल. कस्टमर को झूम करने को बोल," मालक म्हणाला.

"काटने को मैं नहीं बोलेगा, सेठ."

"फिर खलास. व्हिसा कॅन्सल."

त्याची धाकटी मुलगी त्या वर्षी बारावीला होती. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुम्हाला तर मी हातानं दाखवलं होतं." बस, एवढंच. मी तोंड उघडून म्हणायला हवं होतं, चूक माझी आहे, डिस्क चांगली आहे. दुकानात आणखी दोन मराठी कुटुंबं होती, तीही गप्प. मी कॅसेटच्या रांगा बघत राहिलो. महिन्याभरात तो गावी परतला. "नवा माणूस बरा आहे, बोलत नाही," असं आम्ही एकमेकांना सांगितलं. मालकाची मला चीड येते, त्या गप्प बसलेल्यांची येते, पण फॅक्स मालकानं केला नव्हता.

दोन-तीन वर्षांनी आम्ही मरीनाच्या नव्या वस्तीत राहायला गेलो आणि नवा रुंद टीव्ही घेतला. सामान लावताना ती डिस्क निघाली, कधी परत न केलेली. स्टिकर शाबूत होता. मी एकटाच बसलो आणि रिमोट लांब ठेवला.

डाव्या कडेला थोरला उभा होता. मधे विहीर. उजव्या कडेला, अगदी काठावर, धाकटा. पिस्तूल त्याच्या पायाशी वाळूत पडलं होतं आणि दोन्ही तळहात त्यानं हवेत उघडे धरले होते. गोळी सुटेपर्यंत तो तसाच उभा होता. मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं.

बायको आतून आली. "काय बघताय?"

"मामा खरं सांगत होते," मी म्हणालो.