पायऱ्यांखालचा पत्ता

टपालताई हे तिचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव गावात कोणाला आठवत असेल तर शपथ. चोवीस वर्षं तिनं तळ्याकाठच्या त्या गावात पत्रं वाटली. घरांना नंबर नाहीत, गल्ल्यांना नावं नाहीत, तरी हिच्या हातून एक पाकीट कधी चुकलं नाही. मग पत्रंच आटली. टपालघरात एकच माणूस ठेवायचं ठरलं, आणि ती घरी बसली.

बसते कसली! पुतणीचं महिनाभर डोकं खाऊन ती मोबाइल शिकली. तळं बघायला येणारे लोक हल्ली रस्ता माणसाला विचारत नाहीत, फोनला विचारतात, हे तिनं हेरलं होतं. मग टोपीवाला, बोटवाला, खेळणीवाली, सायकली भाड्यानं देणारा, एकेकाच्या दारात उभी राहून ती त्यांना फोनमधल्या नकाशावर चढवू लागली. फोटो काढायचे, उघडण्याच्या वेळा लिहायच्या, कोणी बरंवाईट मत लिहिलं तर दुकानदाराच्या वतीनं गोड उत्तर द्यायचं. "आधी झाडून घे," ती दम भरायची. "जगाला केर दाखवायचाय का?" टोपीवाल्याच्या टोप्या दुपारीच संपू लागल्या, तसा तो तिला येताजाता हात जोडायला लागला.

सगळ्यांत जीव ओतून तिनं चढवलं ते धाकट्या बहिणीचं घर. घर आईचं, टेकडीवर, एकशे बारा पायऱ्यांवर. चार खोल्यांत धाकटी पाहुणे ठेवायची आणि तिथेच राहायची. दादाला ते विकायचं होतं. दोघी बहिणी त्याच्याशी कडाकडा भांडल्या, तेव्हा तो म्हणाला, "एक मोसम देतो. चालवून दाखवा. नाही चाललं तर तिघांनी सह्या करायच्या. मग रडारड नको."

नकाशावर खूण ठोकायची वेळ आली आणि ताईमधली टपालवाली जागी झाली. पायऱ्यांवरच्या घरांची पार्सलं ती वर्षानुवर्षं खाली चपलावाल्याच्या दुकानात ठेवत आली होती. गाडी थांबते तिथे पत्ता, हा तिचा नियम. नियम कसला, गुडघे! पण चोवीस वर्षं कोणी तक्रार केली नाही, म्हणून तो नियम झाला. तिनं खूण ठोकली ती चपलावाल्याच्या दारात.

"लोक आले की फक्त वर बोट दाखव," ती त्याला म्हणाली.

"ताई, हे काय सांगायला हवं?" चपलावाला म्हणाला.

मोसम सुरू झाला आणि पंधरा दिवसांत पहिलं मत आलं. चादरी मळक्या. मग दुसरं, मोरीला वास येतो. तिसऱ्यानं तर फोटोच टाकला, तारेनं कडी बांधलेली हिरवी बादली. प्रत्येकाला ताई बहिणीच्या नावानं लिहायची: क्षमा करा, पुन्हा असं होणार नाही. लिहिताना लाजेनं तिचे कान तापायचे. सगळ्या गावाला झाडायला लावणारी ही, आणि हिच्या सख्ख्या बहिणीचं घर असं? दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

तिनं फोन लावला. "अगं, चादरी तरी धू."

"कोणासाठी धुऊ?" धाकटी म्हणाली. "महिन्यात दोन माणसं आली. धुतलेल्या चादरी घडी घालून पडल्यात."

"मग ही हिरवी बादली?"

"माझ्याकडे हिरवी बादलीच नाही, ताई. वर येऊन बघ ना."

"लोक काय स्वप्नात लिहितात? चोराच्या उलट्या बोंबा!" असं म्हणून हिनं फोन ठेवला. बोलायला नको होतं. पण जीभ सुटली की सुटली. वर जाऊन बघावं हे मनात आलं नाही असं नाही, आलं होतं. पण पायऱ्या एकशे बारा, आणि मतं तर हातातल्या फोनवर दिसत होती.

मोसम संपला. दादानं कागद समोर ठेवले. ताई काही बोलेल म्हणून धाकटी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ताईनं पेन उचललं. "हिच्याच्यानं नाही होणार," एवढंच म्हणाली आणि सही केली. मग धाकटीनं केली.

आठवड्यानं चपलावाल्याचा निरोप आला. त्यानं माळ्यावर तीन खोल्या काढल्या होत्या, त्यांनाही नकाशावर चढवायचं होतं. ताई कौतुकानं गेली. एकेका खोलीचा फोटो काढत ती मोरीपाशी आली. कोपऱ्यात बादली होती, हिरवी, कडी तारेनं बांधलेली.

तिनं फोन खाली केला. "कधीपासून माणसं ठेवतोस?"

"मोसमापासूनच की."

"माझ्या बहिणीची माणसं?"

चपलावाल्याला ना खंत ना खेद. "मी कुठे कोणाला ओढून आणलं? त्यांचा फोनच म्हणायचा, पोचलात. मी म्हटलं, या."

त्या दुपारी टपालताई एकशे बारा पायऱ्या चढली. तीनदा बसली. वर धाकटी सामान बांधत होती. मोरीत पितळी बादली लखलखत होती आणि कपाटात पांढऱ्या चादरी रचलेल्या होत्या. ताईनं सगळं सांगितलं आणि दारातच बसून ती ढसाढसा रडली.

धाकटीनं पाणी दिलं. "त्या लोकांची किती वेळा माफी मागितलीस?"

"एकोणीस."

"आणि मला एकदा विचारायला वर आली नाहीस." धाकटी पुन्हा गाठोडं बांधायला लागली.

ताईनं फोन काढला आणि खूण उचलून अंगणात आणून ठेवली, जिथे ती पहिल्या दिवसापासून असायला हवी होती. उपयोग शून्य. पण चुकलेला पत्ता तिला बघवेना.

ताबा द्यायच्या सकाळी दादा खाली टेम्पोपाशी थांबला होता. दोघी बहिणी शेवटची ट्रंक बाहेर काढत होत्या, एवढ्यात पायऱ्यांवरून दोघं नवराबायको धापा टाकत वर आली. हातात बॅगा, फोन समोर धरलेला. बाई अंगणाकडे बघून हसली. "किती छान आहे हो! फोटोपेक्षाही छान. खोली मिळेल का?"

ताईनं धाकटीकडे बघितलं. धाकटीनं दाराला कुलूप घातलं आणि किल्ली ताईच्या हातात ठेवली.

"खाली विचारा," ती म्हणाली. "चपलांच्या दुकानात."