रुबेन निवृत्त होईपर्यंत

माझे सासरे वारले आणि पॅराग्वे देशाच्या एका फुटबॉलपटूची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली.

सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. अंबरनाथच्या एका कारखान्यातून ते मेन्टेनन्स ऑफिसर म्हणून रिटायर झाले आणि बदलापूरला मांजर्लीतल्या पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये माझ्या सासूबाईंबरोबर, म्हणजे माईंबरोबर, राहू लागले. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पडून असताना त्यांना टीव्हीवर रुबेन सापडला. तेव्हा तो स्पेनमधल्या एका मोठ्या क्लबात डावा बॅक होता. गोल मारणाऱ्यांच्या पंगतीतला नव्हे, गोल अडवणाऱ्यांच्या. नानांना नेमकं तेच आवडलं.

"दिलीपराव, याचं आमच्या मेन्टेनन्ससारखं आहे," ते मला सांगायचे. "सगळं सुरळीत चाललं, की हा कुणाला दिसत नाही. जरा बिघडलं, की सगळे याच्याकडे बघतात!"

(नाना माझ्याशी एवढंच बोलत. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी सासरे-जावयात दुसरा विषय म्हणून निघाला नाही. आणि मला फुटबॉलमधलं, चेंडू पायाने मारतात, याच्यापलीकडे काही कळत नव्हतं.)

नाना गेले तेव्हा रुबेन चौतिशीला आला होता. स्पेन सुटलं होतं, इटली झाली होती आणि आता तो पोर्तुगालमधल्या कुठल्याशा मध्यम क्लबात खेळत होता. दहाव्याला आम्ही सगळे उल्हास नदीच्या घाटावर जमलो. विधी झाले, पिंड मांडले आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळे भरपूर होते. समोरच्या झाडावर त्यांची सभाच भरली होती. पण एकही खाली उतरेना.

माझा मेहुणा नितीन, नानांचा एकुलता एक मुलगा, हात जोडून पुढे झाला.

"नाना, माईला अंतर देणार नाही."

कावळे ढिम्म.

"नाना, गावची जमीन विकणार नाही."

एकाने मान वाकडी करून नितीनकडे बघितलं आणि परत सरळ केली.

"चुलत्यांशी भांडण मिटवतो, नाना!"

हे ऐकून तर एक कावळा उडूनच गेला!

गुरुजींनी घड्याळात बघितलं. त्यांना पुढे कुळगावात दुसरा दहावा होता. "दर्भाचा कावळा करून शिववू या का?" त्यांनी हळूच विचारलं. माईंनी ते ऐकलं. गेले दहा दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नव्हत्या, नीट जेवल्या नव्हत्या. आता त्यांचा चेहरा एवढासा झाला. दर्भाच्या कावळ्यावर भागवलं असतं, तर नाना काहीतरी मनात ठेवूनच गेले, हे शल्य त्यांनी जन्मभर जपलं असतं.

ऊन टाळूवर आलं होतं. माझ्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं. उपाशी माणूस काय बोलून जाईल याचा नेम नसतो. मी एकदम ओरडलो, "नाना! तुमचा रुबेन खेळतोय तोवर त्याची एकही मॅच तुमच्या घरात चुकणार नाही! मी स्वतः येऊन बघीन!"

माझं वाक्य पुरं व्हायचा अवकाश, तीन कावळे एकदम पिंडावर!

माई ढसाढसा रडल्या. नितीनने मला मिठी मारली. गुरुजी सामान आवरता आवरता म्हणाले, "शब्द कोणी दिला?"

"जावयांनी," चारपाच जण एका सुरात बोलले.

"मग जावयांनीच पाळायचा."

नितीन माझ्या कानाशी लागला, "टेन्शन नका घेऊ, भावोजी. त्याचा गुडघा कामातून गेलाय. जास्तीत जास्त एक सीझन."

पहिल्या शनिवारी संध्याकाळी मी स्कूटर काढून अंबरनाथहून मांजर्लीला गेलो. माईंनी नानांचा फोटो भिंतीवरून उतरवून टीपॉयवर, टीव्हीसमोर ठेवला होता. हार थोडा बाजूला सरकवलेला. (डोळ्यांवर येत होता म्हणे.) मॅच सुरू झाली, संपली. रुबेन पूर्ण वेळ कडेच्या बाकावर बसून होता! आता ही मॅच धरायची की नाही? माई कासावीस झाल्या. शेवटी गुरुजींना फोन लावला.

"दिसला का?" गुरुजींनी विचारलं.

"दिसला. केळं खात होता."

"मग झालं की!"

असे शनिवार-रविवार जाऊ लागले. मला काही कळायचं नाही आणि आश्चर्य म्हणजे माईंना सगळं कळायचं. नाना हॉलमधून ओरडून सांगत आणि या स्वयंपाकघरातून ऐकत, असं इतकी वर्षं चाललं होतं. "ऑफसाइड आहे हो तो, दिलीपराव," पोहे परततापरतता त्या सांगायच्या, टीव्हीकडे न बघता. मॅचच्या दिवशी त्या दोन माणसांचं करायच्या आणि माझ्यासोबत बसून जेवायच्या. इतर दिवशी काय खात होत्या, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. एकदा रुबेनने कुणाला तरी आडवं पाडलं आणि त्याला लाल कार्ड मिळालं. माईंनी झटकन उठून नानांचा फोटो भिंतीकडे वळवला. "त्यांचं बीपी वाढायचं," त्या म्हणाल्या.

नितीनचा एक सीझन संपला. रुबेन रिटायर झाला नाही. तो ग्रीसला गेला!

ग्रीसचे सामने आमच्या टीव्हीवर येईनात. मी उल्हासनगरला गेलो. तिथे मिळत नाही अशी वस्तू जगात नाही, हा आमच्या भागाचा सिद्धांत आहे. सिंधी दुकानदाराने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"साईं, इंग्लंड ले जाओ. स्पेन है. अरब का भी है."

"ग्रीस चाहिये."

"ग्रीस का तो ग्रीसवाले भी नहीं मांगते!" तो म्हणाला. मग मी त्याला कावळ्यांची हकीकत सांगितली. माझ्या हिंदीत. त्याने गल्ल्यावरच्या झूलेलालच्या तसबिरीला हात जोडले आणि आतून एक काळा डबा आणून दिला. तो डबा टीव्हीला जोडला, की ग्रीसच काय, समुद्रातल्या बेटांवरचेही सामने दिसत. तेव्हा मला वाटलं, एवढी बेटं काय करायचीत!

ग्रीसमध्ये रुबेनच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. आमच्या घरात सुटकेचा निःश्वास टाकला गेला. माझी बायको ज्योती म्हणाली, "आता तरी शनिवारी घरात दिसाल." पण माईंनी मला अंबरनाथच्या शिवमंदिरात नेलं. हात जोडून, डोळे मिटून त्या चांगल्या ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "महादेवा, पोराचा गुडघा बरा कर. जावई अभिषेक करतील."

मी शेजारीच उभा होतो. मनातल्या मनात म्हणालो, "महादेवा, पोर थकलंय. गुडघा आहे तसाच राहू दे." एकाच देवळात, एकाच देवाकडे, सासू-जावयाचे परस्परविरोधी अर्ज!

अभिषेक मी सोमवारी केला. रुबेन माल्टाला गेला.

माल्टा हे एक बेट आहे. (डब्याने शब्द पाळला.) त्या मोसमाची पहिली मॅच ऑगस्टात आली आणि त्याच दिवशी उल्हास नदी मांजर्लीत शिरली. माईंचा फोन लागेना. नितीन पुण्यात. "अहो, पाणी भरलंय तिकडे, एकटे जाऊ नका," ज्योती म्हणत होती, आणि म्हणतानाच माझ्या हातात तिचा चार्ज केलेला मोबाइल देत होती. मी तो दुधाच्या पिशवीत गुंडाळून टोपीखाली ठेवला. मांजर्लीच्या कोपऱ्यापासून पुढे पाणी मांडीपर्यंत होतं. लोक डोक्यावर गाठोडी घेऊन बाहेर येत होते. रबरी बोट ओढणाऱ्या जवानाने मला हटकलं.

"काका, सगळे इकडे येतायत, तुम्ही उलटे कुठे?"

"मॅच आहे."

त्याने जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घेतला!

माई खिडकीत उभ्या होत्या. मी जिना चढून वर आलो तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मला वाटलं, आज चुकतेय," त्या म्हणाल्या. वीज नव्हती. मोबाइलवर इंटरनेटवरून मॅच लावून तो खिडकीत टेकवला, शेजारी नाना. ओले कपडे काढून मी कपाटातलं नानांचं धोतर गुंडाळून बसलो. दुसऱ्या हाफमध्ये खाली बोट आली.

"आजी, चला!" तोच जवान.

"पाच मिनिटं थांब रे बाळा. कॉर्नर आहे."

शेवटी बोटीत बसलो. माईंच्या मांडीवर नाना, हातात मोबाइल, आणि सासऱ्यांच्या धोतरात मी! कुळगावच्या शाळेपाशी उतरलो, तेव्हा लोकांनी मला पूरग्रस्त समजून पहिलं बिस्किट दिलं. मी ते घेतलं. रुबेनचा संघ हरला होता.

आणि मग, आम्ही आशा सोडली तेव्हा, रुबेनने जाहीर केलं की हा शेवटचा सीझन. चाळिशी ओलांडली होती त्याने. शेवटच्या मॅचला ज्योती आली, नितीन पुण्याहून आला. मैदान इवलंसं. आमच्याकडच्या जत्रेतल्या कुस्तीलाही त्याहून जास्त गर्दी असते. मॅच संपायला थोडा वेळ असताना त्याला बाहेर बोलावलं. तो लंगडत कडेपर्यंत आला, खाली बसला, बूट काढले आणि शेजारी नीट लावून ठेवले. थोडे लोक टाळ्या वाजवत होते.

"आत्ता गेले हो हे," माई म्हणाल्या.

घाटावर माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तेव्हा मला भूक लागली होती. आता मात्र मला रडू आवरेना. ज्या माणसाशी मी जन्मात एका विषयापलीकडे बोललो नाही, त्याला मला विचारायचं होतं, रुबेनला तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा तो कसा पळायचा? विचारायला फार उशीर झाला होता. माईंनी पदराने नानांच्या फोटोची काच पुसली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

दिलेला शब्द पुरा झाला. पुढच्या शनिवारी मी मोकळा होतो. पण दुपारपासून मला एकच विचार खात होता, की आज माई जेवणार का? चार वाजता मी म्हटलं, फोटो भिंतीवर परत टांगायला हवा. खिळा आणि हातोडी घेऊन निघालो. ज्योतीने स्कूटरची किल्ली आणून दिली.

दार माईंनीच उघडलं. टीव्ही सुरू होता. टीपॉयवर नाना होतेच आणि शेजारी पोह्यांच्या दोन ताटल्या झाकून ठेवल्या होत्या.

"माई, आता कसली मॅच? रुबेन तर संपला."

"बसा आधी," माई म्हणाल्या. "एक मुलगा बघून ठेवलाय. उरुग्वेचा आहे. नुकताच हॉलंडला आलाय. डावा बॅक. एकोणीस वर्षांचा आहे, निर्व्यसनी दिसतो, आणि गुडघे अगदी ठणठणीत आहेत."

मी मनातल्या मनात हिशेब केला. हाही चाळिशीपर्यंत टिकला, तर मी ऐंशीच्या घरात असेन. मी खिळा-हातोडी खिशात घातली आणि हाशहुश करत, सोफ्याचा हात धरून, दोन टप्प्यांत खाली बसलो. माझ्या गुडघ्यांची चौकशी मात्र अजून कुणी केलेली नाही!