कोड कुणी पुसला?

गल्लीत आमच्या हिला ‘तोफ’ म्हणतात. खोटं कशाला बोलू, इंजिनाआधी हिचं डोकं तापतं. मी सुटे भाग आणून देतो आणि ही कडाडली की मध्ये पडतो. गॅरेज तिचं आहे.

तिचा खरा राग एकाच गोष्टीवर. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की स्कॅनर जोडायचा, गाडी आपलं दुखणं कोडमध्ये सांगते ते वाचायचं, बिघाड काढायचा आणि मगच कोड पुसायचा. पण लोकांना घाई. “दिवा तेवढा घालवा” म्हणतात. कोड पुसला की दिवा जातो, बिघाड आहे तिथेच राहतो. असल्या गिऱ्हाइकाला ही दारातूनच परत पाठवते.

त्या दिवशी हिची भाची आली. तोंड एवढंसं झालेलं. जावई तिला गाडीसकट आमच्याकडे सोडून कामावर निघून गेले होते.

“मावशी, गाडी विकायचीय. एकदा बघून दे.”

“का गं?”

“मला चालवता येत नाही. भर रस्त्यात बंद पाडते. यांच्या हातात कधी पडत नाही. हे म्हणतात, माझा पाय क्लचवर नीट बसत नाही.”

गाडी गेली की नोकरी गेली, हे आम्हाला माहीत होतं. तिची प्रयोगशाळा डोंगरापलीकडे, बस तिकडे जात नाही. राजीनामा द्यायचंही ठरलं होतं म्हणे.

“दिवा लागतो का?” हिने विचारलं.

“मला दिसतो. संध्याकाळी असतो, सकाळी नसतो. हे म्हणतात, तुला भास होतात.”

हिने स्कॅनर जोडला. कोड एकही नव्हता. पण शेवटचा कोड पुसल्यापासून गाडी किती चालली, ते गाडी लक्षात ठेवते. तो आकडा निघाला भाचीच्या घरापासून आमच्या दारापर्यंतचा.

“सकाळी जावईबापू गाडीत काय करत होते?”

“काही नाही. मी घराला कुलूप लावेपर्यंत हे आत बसले होते.”

हिने माझ्याकडे पाहिलं. माझ्याही तळपायाची आग मस्तकात गेली.

हिने इंजिन चालू केलं, गिअर काढला आणि भाचीला बाहेर माझ्याशेजारी उभं केलं. आत कुणीच नव्हतं. इंजिन चांगलं तापलं, मग एक आचका बसला आणि गाडी बंद पडली. दिवा पेटला.

“आता कुणाचा पाय होता क्लचवर?”

भाची रिकाम्या सीटकडे बघत राहिली.

कोड आला. इंजिनाचं फिरणं मोजणारा सेन्सर तापला की मुका व्हायचा. जावई गाडी बाजारापर्यंतच नेतात, तेवढ्यात तो तापतच नाही. मी नवा सेन्सर आणला, हिने बसवला, पुन्हा तापवून पाहिलं, गाडी बंद पडली नाही. दिवा मात्र हिने मुद्दाम तसाच ठेवला. “येऊ दे त्याला,” म्हणाली. ही एकेरीवर आली, म्हणजे जावयाची धडगत नव्हती.

जावई संध्याकाळी हसत आले. दिवा पाहून म्हणाले, “एवढ्यासाठी दिवसभर खोळंबलात? मिनिटाचं काम.” खिशातून काडेपेटीएवढं यंत्र काढलं, स्टिअरिंगखाली खोचलं, मोबाइलवर बोट टेकवलं. दिवा गेला.

हिने पाना उचलला. मी हात धरला. पण बोलली भाची.

“किती वेळा पुसलंत?”

आपण काय केलं, ते जावयांच्या तेव्हा ध्यानात आलं. “अगं, तुझ्याच भल्यासाठी. एवढ्या लांब रोज कशाला मरमर करायची? घरी आरामात राहा.”

“गाडी वळणावर बंद पडायची. मागे ट्रक असायचे.” तिचा आवाज चढला नाही. “मी मरता मरता वाचून घरी यायचे, आणि तुम्ही मला क्लच शिकवत बसायचात.”

तिने ते यंत्र उपटून त्यांच्या हातात ठेवलं, गाडीत बसली आणि त्यांना न घेताच निघून गेली.

जावई दारात ताटकळले. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, “काका, मला घरी सोडता का?”

“कुणाच्या घरी?” मी विचारलं.