निरोपाला आलेले हॉटेलवाले काका

खरं तर हे मी कुणालाच सांगायचं नव्हतं. कराडच्या एका हॉटेलवाल्या काकांना मी तसा शब्द दिला आहे. पण गोष्ट पोटात ठेवून ठेवून माझंच पोट दुखायला लागलं, त्याला मी काय करू? तोंडानं सांगायचं तर चार माणसांपुढं माझा आवाज फुटत नाही. म्हणून लिहिते. तुम्ही चहा पीत पीत वाचा, फक्त हसायच्या आधी घोट गिळून घ्या.

माझे पप्पा फौजेत आहेत. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत आहे, त्यामुळं त्यात विशेष काही नाही. विशेष असते ती रजा. पप्पा येणार म्हटलं की मी त्यांना सांगायच्या गोष्टी मनात साठवायला लागते. गाय व्याली, लांब उडीत माझा दुसरा नंबर आला, चष्म्याचा नंबर वाढला.

आणि पप्पा आले की काय होतं? अख्खं गाव आमच्या सोप्यात येऊन बसतं! कुणाला बोअरचं विचारायचं असतं, कुणाला पोरगं भरतीला पाठवायचं असतं. मी आपली चहाचा ट्रे घेऊन आत-बाहेर, आत-बाहेर. पप्पांची रजा मला बहुतेक कपबशांच्या वरूनच दिसते.

या वेळी त्यात आणखी एक भानगड झाली. आलेल्या प्रत्येकाला पप्पा माझी ओळख करून द्यायचे, "ही आमची प्राजू. आठवीला हाय."

मी नववीत आहे!

मागच्या रजेला ते आले तेव्हा मी आठवीत होते, हे खरं. पण मधे मी पास झाले, वर्ग बदलला, बाई बदलल्या, बाकावरची शेजारीणसुद्धा बदलली. फोनवर 'पास झाले' म्हणून सांगितलंही होतं. पण पास झालेली पोरगी पुढच्या वर्गात जाते, एवढी पुढची गोष्ट त्या फोनमधून त्यांच्यापर्यंत पोचली नसावी.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं की! अहो, पण पाहुण्यांसमोर बापाला खोटं कसं पाडायचं? मम्मीला म्हटलं, तर ती म्हणाली, "तूच सांग. मला काय, चौथीला हाय म्हणाले तरी चालंल. तेवढीच पोरगी ल्हान ऱ्हाईल."

पप्पा एकटे कधी सापडतात याची मी वाट बघत राहिले आणि रजा संपली. पुढच्या खेपेला ते येतील तेव्हा मी दहावीत असणार. म्हणजे माझी नववी त्यांच्या लेखी झालीच नाही! हे हसण्यासारखं आहे, मला कळतं. पण अंथरुणावर पडलं की हसू यायचं नाही.

निघायच्या दिवशी मात्र नशीब फिरलं. एरवी पप्पांना सोडायला निम्मी भावकी जीप भरून स्टेशनवर येते. त्या दिवशी सकाळीच कारखान्याची ऊसतोड टोळी आमच्या फडात उतरली. टोळी आली की आमच्या घरातलं कुत्रंसुद्धा फड सोडून हलत नाही.

'मी जाते सोडायला,' मी म्हटलं. म्हणजे मनात म्हटलं. पण मम्मीला ते ऐकू गेलं असावं.

"प्राजूला न्या संगं," ती म्हणाली. "रोज कराडला शाळंला जाती. येताना एसटीनं येईल माघारी."

तिनं पप्पांच्या हातावर दही-साखर ठेवली आणि मला कोपऱ्यात घेऊन बजावलं, "निघालेल्या माणसाला कुणी मागनं हाक मारता कामा न्हाई. मागच्या बारीला तुझ्या चुलत्यानं मोटरच्या किल्लीसाठी हाक मारली आन दिवाळीची रजा गेली. ध्यान ठेव."

मी मान हलवली. माझी मान फार गुणी आहे. कुणी काहीही म्हटलं की आपली हलते, मला विचारतसुद्धा नाही.

कराडला उतरलो तर गाडीला अजून वेळ होता. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला एक हॉटेल आहे. "चल बाळा, मटण थाळी हाणू," पप्पा म्हणाले. "तिकडं गेल्यावर डाळ हायच."

आम्ही दोघंच, एका टेबलाला, समोरासमोर! असं याआधी कधी झालं होतं, मला आठवत नाही. पप्पा भाकरी कुस्करत होते आणि मी त्यांच्याकडं बघत होते. मिशीत पांढरे केस आले होते. थंडीनं कानाची पाळी सोलली होती. एवढी रजा झाली आणि हे मला त्या दिवशी दिसत होतं.

"जेव की. काय बघतीस?"

"काही नाही."

"मटण आवडलं न्हाई व्हय?"

"आवडलं."

बघा! माणूस समोर, वेळ हातात, आणि माझं बोलणं ते एवढं!

मग मी मनात वाक्य जुळवायला घेतलं. 'पप्पा, मी आठवीत नाही.' छे! त्यांना वाटायचं नापास झाली. 'पप्पा, मी नववीत आहे.' हे फारच तोऱ्यात वाटतं. 'पप्पा, तुम्ही विसरलात.' हे तर घशातच अडकलं.

तेवढ्यात पप्पांनी माझ्या हातात नोट ठेवली. "जा, गल्ल्यावर दिऊन ये. चार माणसांत बोलायला शीक जरा. आठवीला गेलीस आता."

पुन्हा आठवी!

गल्ल्यावरचे काका आमच्याकडं पाठ करून फोनवर कुणाशी तरी कोंबड्यांच्या भावावरून भांडत होते. "काका," मी म्हटलं. समोरच्या बडीशेपेच्या वाटीलाही ते ऐकू गेलं नसेल. पुन्हा म्हटलं. काका कोंबड्यांतच. मग मी उभ्या उभ्या माझं वाक्य घोळवायला लागले, आणि काय सांगू, एकदम जमलं! 'पप्पा, पुढच्या वर्षी माझी दहावी आहे, तेव्हा परीक्षेला रजा काढाल का?' आहे की नाही? कुणाची चूक काढायला नको, आणि आज मी कितवीत आहे ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं! मला इतका आनंद झाला, की मी कुठं उभी आहे आणि कशासाठी, तेच विसरले.

"झालं का गं?" दारातून पप्पांनी विचारलं. ट्रंक त्यांच्या खांद्यावर चढली होती.

मान हलली.

आम्ही बाहेर पडलो. रस्त्याच्या पलीकडं माणशी पैसे घेऊन स्टेशनला जाणारी वडापची रिक्षा उभी होती. निम्म्या रस्त्यात असताना मागून आवाज आला, "ओऽ फौजी! ओऽ, थांबा की!"

मागून हाक! मम्मीचा चेहराच डोळ्यांपुढं आला. पप्पा वळणार, एवढ्यात मी त्यांचा हात धरून ओढला आणि ओरडले, "मागं बघू नका! आपल्याला नाही! दुसऱ्या कुणाला तरी आहे!"

"अगं पर, फौजी म्हणत्यात..."

"इथं सगळेच फौजी असतात!"

पप्पा माझ्याकडं बघतच राहिले. एवढी वाक्यं त्यांनी माझ्या तोंडून एकदम कधी ऐकली नव्हती. ते रिक्षात चढून बसले. आमच्या मधे वांग्यांचं पोतं घेऊन एक मावशी बसल्या, त्यामुळं स्टेशनपर्यंत माझं वाक्य वांग्यांच्या अलीकडंच राहिलं.

प्लॅटफॉर्मवर बाकडं मिळालं. सांगलीकडून गाडी यायला थोडा वेळ होता. आता नाही तर कधी नाही! मी चष्मा वर सारला आणि चष्म्याच्या काचेला काहीतरी कागदासारखं घासलं.

मुठीत नोट!

माझ्या अंगाला दरदरून घाम सुटला. आपण न देता आलो! ती हाक आपल्यालाच होती! आणि मीच पप्पांना हाताला धरून पळवून आणलं! आता सांगितलं तर पप्पा तसेच उठून हॉटेलकडं धावणार. फौजेतल्या माणसाला फुकट खाल्लेलं पचत नाही. मग एक तर गाडी चुकणार, नाही तर ही उरलेली मिनिटं जाणार. मी ठरवलं, नोट येताना आपण देऊ. आधी वाक्य.

"पप्पा," मी म्हटलं.

"बोल की."

"पुढच्या वर्षी..."

आणि जिन्यावरून ते हॉटेलवाले काका धापा टाकत उतरले! खांद्यावर पंचा, कपाळावर घाम. डोळ्यांनी बाकडी शोधतायत. मी ट्रंकेच्या मागं जेवढी मावते तेवढी मावले. पण पप्पा? पप्पा तर उठूनच उभे राहिले.

"अरे! शेठ! तुमी?"

"अवं फौजी," काका छातीवर हात ठेवून म्हणाले, "किती हाका मारल्या तुमास्नी! तुमी आपलं निघूनच..."

"चुकलं शेठ, चुकलं! तुमचा निरोप घ्याया पायजे हुता," असं म्हणून पप्पांनी काय करावं? काकांना मिठी मारली! "जेवलो, हात धुतले, निघालो! आन तुमी धंदा टाकून एवढ्या लांब आलासा?"

काकांचे दोन्ही हात मिठीबाहेर तसेच लोंबत राहिले. तेवढ्यात शेजारच्या बाकड्यावरचे एक म्हातारे आजोबा म्हणाले, "व्हय वं, जवानाला निरोप द्याया हॉटेलवाला येतोय! माणुसकी हाय अजून." त्यांच्या पलीकडच्या दोन बायकांनी माना डोलावल्या. कुणीतरी काकांना बसायला जागा दिली.

आता तुम्हीच सांगा, एवढ्या लोकांत 'मी बिलासाठी आलोय' असं म्हणायला माणसाची जीभ रेटेल का? काकांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी मूठ पाठीमागं नेली.

"तसं... म्हणजे... फौजींसाठी एवढं करायलाच पायजे," काका म्हणाले आणि बसले. कुठं? पप्पांच्या आणि माझ्या मधे!

मग पप्पांना काय उत्साह आला! ऊस कुठल्या कारखान्याला जातो, तिकडं बर्फ किती पडतो, मटणाला मसाला घरचा का विकतचा. काका आधी "व्हय, व्हय" करत होते, मग त्यांनाही रंग चढला. आणि मी? मी त्यांच्या पंच्याआडून पप्पांचा एक कान बघत होते.

"ही माझी पोरगी," पप्पा म्हणाले. "आठवीला हाय."

"व्हय? हुशार दिसती," काका म्हणाले.

गाडी आली. ट्रंक कुणी चढवली? काकांनी! पप्पांनी खाली वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शेठ, पोरीला तेवढं एसटीत बसवून द्या," त्यांना म्हणाले, आणि मला म्हणाले, "काय सांगत हुतीस गं मघाशी?"

माझी मान हलली. आडवी.

गाडी सुटली तेव्हा कुठं माझा घसा मोकळा झाला. मी डब्यामागं पळाले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "पप्पाऽऽ! मी नववीत हाय!"

मागून हाक मारू नको म्हणून मम्मीनं जिला बजावलं होतं, ती मीच बरं का! गाडीच्या धडधडीत पप्पांना काही ऐकू गेलं नाही. त्यांनी दारातून नुसता हात हलवला, आणि मग तो हातही दिसेनासा झाला. बाकी सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू गेलं. ते म्हातारे आजोबा म्हणालेसुद्धा, "व्हय बाळा, ऐकलं आमी."

मी रडत वळले तर समोर काका. आणि मला काय झालं कोण जाणे! परक्या माणसासमोर कधी 'ऊं' न केलेली मी त्यांच्यावर कडाडले, "तुमच्यामुळं सांगायचं ऱ्हायलं! तुमी आमची सगळी मिन्टं खाल्लीसा!"

"आन तुमी माझ्या दोन थाळ्या खाल्ल्यासा, त्याचं वं काय?" काका म्हणाले.

मी मूठ उघडली. नोटेचा भिजून लाडू झाला होता. काकांनी ती मांडीवर ठेवून सरळ केली, खिशात हात घालून उरलेले पैसे परत दिले. रडण्याच्या नादात मी ते मोजलेसुद्धा नाहीत.

"हे बघ पोरी," ते म्हणाले, "कारभारणीनं हाकललं म्हणून मी आलो. पर ह्यातलं कुणाला काय सांगू नगंस, तुझ्या बापाला तर न्हाईच. बिलावरनं लोकांनी मला शिव्या लय घातल्या. मिठी कुणी मारली न्हवती."

मी शब्द दिला. त्यांनी मला स्टँडवर आणलं, एसटीत खिडकीची जागा बघून दिली आणि कंडक्टरला बजावलं, "नववीची पोरगी हाय वं, नीट उतरवा!"

म्हणजे ज्याचं बिल बुडवलं त्याला कळलं. पण पप्पांना?

पप्पांनी तिकडं पोचल्यावर सगळ्या युनिटला सांगितलंय की आमच्या कराडात हॉटेलवाला गल्ला सोडून जवानाला निरोप द्यायला येतो. पुढच्या रजेला ते काकांसाठी अक्रोड आणणार आहेत. मम्मीनं तर माझ्याच हाती काकांना नवा गूळ पाठवला. काकांनी तो इकडं तिकडं बघत घेतला.

आणि माझं म्हणाल, तर त्यानंतर पप्पांचे फोन आले. दर वेळी मी वाक्य पाठ करून फोन कानाला लावते. पप्पा म्हणतात, "बरी हायस का?" मी म्हणते, "बरी आहे." तेवढ्यात रेंज जाते. असल्या गोष्टी मेसेज करून कळवायच्या का? 'पप्पा, मी नववीत आहे, कळावे'? त्यामुळं सरहद्दीवर मी अजून आठवीतच बसलेली आहे, आणि इकडं नववीची वार्षिक परीक्षा तोंडावर आली.

पण आता मी ठरवलंय. पुढच्या फोनला 'बरी आहे' म्हणायचंच नाही. फोन उचलला की पहिला शब्द तोच. मग ते काहीही विचारोत, मी एका दमात सांगणार की पप्पा, मी...

"प्राजूऽ! अगं ए, पप्पांचा फोन! रेंज हाय तवर ये पळत!"

आले, आले! थांबा हं, एवढं वाक्य पुरं करून